उद्धवच्या फोटोला हार

एकाहत्तरच्या लढाईत उद्धव बेपत्ता झाला, एवढीच खबर घरी आली होती. म्हणून बाप रूपराव रोज पोस्टमनची वाट पाहायचे आणि उद्धवची बायको नलूनं गिरडच्या दर्ग्यावर नवस बोलला होता. दोन वर्षांनी, सव्वीस जानेवारीला, उद्धवच्या जुन्या शाळेनं दोघांना मानानं बोलावलं. व्हरांड्यात त्याचा फोटो लावला होता. खाली रंगवलं होतं, 'शहीद उद्धव, आमचा माजी विद्यार्थी'.

रूपराव हेडमास्तरांजवळ गेले. "गुरुजी, माह्या पोराले शहीद काऊन लिहिलं? तो मेला नाई. सापडून नाई राह्यला फक्त."

"रूपरावजी, साऱ्या गावाला अभिमान आहे त्याचा," हेडमास्तर हळूच म्हणाले आणि त्यांनी हार नलूच्या हातात दिला.

मैदानातली पोरं 'अमर रहे' ओरडू लागली. नलूनं मागं वळून सासऱ्याला विचारलं, "मामाजी, घालू काय?"

रूपराव खाली मान घालून उभे राहिले. जरा वेळानं टाळ्या वाजल्या. वर न पाहताच त्यांना कळलं, उद्धव गेला.