पाहुणीसाठी पाणी

भर दुपारी मच्छरदाणीवर दोन जाड चादरी टाकून चरियाने काळोख केला होता. जिथून ऊन डोकावत होतं, तिथे फल्ली आजींनी आपल्या गळ्यातला चौकडीचा पंचा, क्रामा, खोचला. आत दोघी आणि पाण्याची एक काचेची नळी. मेकाँग नदी बाहेर वाहत होती. आत मात्र ती डोक्यावरून वाहते आहे असं वाटत होतं.

चरिया विद्यापीठातून आली होती, स्वतः बनवलेली भुकटी घेऊन. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आतून छिद्राछिद्रांची. जांभळ्या दिव्याखाली ती हिरवी उजळायची. पाण्यात आर्सेनिक असलं की ते छिद्रांत शिरायचं आणि उजेड विझायचा. विझला तर पंपाला लाल रंग, नाही तर हिरवा. हिरव्याचं पाणी प्यायला मोकळं. तीन दिवसांत एकोणचाळीस पंप झाले, सगळे हिरवे. आजींचा शेवटचा.

तिने भुकटी सोडून जांभळा दिवा लावला. नळी अशी उजळली की आजींच्या सुरकुत्यांतून हिरवा उजेड पाझरू लागला. मच्छरदाणी शेवाळासारखी हलली.

"मेल्यावर असंच दिसत असेल," आजी म्हणाल्या, "तर माझी ना नाही."

"इतकी तर शुद्ध पाण्यातही उजळत नाही," चरिया पुटपुटली. "आजी, हे पंपाचंच ना?"

"मग काय बाजारातून आणलं? पंपाचंच. तुरटी फिरवून, निवळून दिलं."

"तुरटी? कशाला?"

"आमचं पाणी येतं तांबूस. पाहुणीच्या हातात तसंच ठेवतात का? आईने काही शिकवलेलं दिसत नाही तुला."

चरिया धावत गेली, पंप मारून तांबूस पाणी तसंच घेऊन आली. पुन्हा काळोख, पुन्हा भुकटी. उजेड उमलला, काजव्यासारखा थरथरला आणि सावकाश विझला.



"मघाशी भुकटी तुरटीनेच उजळली होती," अंधारातून चरिया म्हणाली. "विष आहे पाण्यात, आजी. पण बाकीच्या घरांनी... त्यांनी तरी पाणी तसंच दिलं होतं ना?"

"तसंच?" आजींना ते लागलं. "या गावात एकही घर बिनवळणाचं नाही, पोरी. सगळ्यांनी निवळूनच दिलं असणार."

चरियाने चादर दूर केली. काठाने हिरवेगार पंप उन्हात चमकत होते. शाळा नुकतीच सुटली होती, आणि पहिल्याच पंपाखाली मुलं ओंजळी धरून उभी होती.