मामाजींसाठी टीव्ही

"हा बी नको," नत्थुजी म्हणाले आणि पुढच्या टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले.

पहिल्याचे पाय त्यांना कमजोर वाटले होते. दुसऱ्यातला निळा रंग डोळ्यांना टोचला. आणि या त्रेचाळीस इंचीत, म्हणे, माणसांची तोंडं लईच मोठी दिसतात. टीव्ही दाखवणारी रूपाली हसली. तिने काकाजी, काकाजी करत आणखी एक चालू केला.

"बाबा, माह्यासाठी पोरगी पाह्यली तवा तं एका चकरेत हो म्हटलं तुमी," पियुष म्हणाला. तो बडनेऱ्याच्या रेल्वे यार्डात कामाला. इंजिनांच्या गोंगाटात बोलायची सवय, त्यामुळे त्याची थट्टा अर्ध्या दुकानाला ऐकू गेली. त्याच्या तोंडाकडे पाहत नत्थुजी मिशीत हसले.

ती पोरगी, म्हणजे पौर्णिमा, ईशानला खांद्यावर घेऊन उभी होती. तिला हसू आलं नाही. सोमवारी ती बाळंतपणाच्या रजेवरून पुन्हा कॉलेजात रुजू होणार होती. अमरावतीतली पाळणाघरं तिने पाहून ठेवली होती. एकाच्या खिडकीला जाळी नव्हती, दुसऱ्यात बाई सारखी फोनवर. शेवटी सासरेच म्हणाले, मी पाहतो पोराले. सासूबाई गेल्यावर ते हिवरखेडचं शेत पुतण्याकडे सोपवून बडनेऱ्याला राहायला आले होते.

मग पौर्णिमाने जरा सराव करून पाहिला. ईशानला त्यांच्याजवळ ठेवून बाजारात जाऊन यायची. परत आली की रोज तेच दिसायचं. पाळण्यासमोर खुर्ची, गुडघ्यांवर हात, नत्थुजी नुसते बसलेले. पेपर नाही, डुलकी नाही. जन्मभर वावरात राबलेला माणूस असा रिकामा किती दिवस बसेल? कंटाळून गावी निघून गेले तर? म्हणून टीव्ही घ्यायचं ठरलं. फार महाग नाही, अगदी स्वस्तही नाही. नेटवरून सिनेमे, कीर्तनं लागतील, मध्येच अडकणार नाही, रिमोट सोपा असेल, असा. तिने पन्नास जणांची मतं वाचली होती. कमी आवाजातही बोलणं स्पष्ट यायला हवं, ही तिची स्वतःची अट. ईशानची झोप सावध.

ही अट तिने पियुषकरवी सासऱ्यांच्या कानावर घातली होती. मले आवाज नाही लागत, पोरगं झोपू द्या, असं ते म्हणाले. पौर्णिमाला भरून आलं. तिने अकोल्याला आईला फोन करून सांगितलंही, की असा सासरा मिळायला नशीब लागतं.

त्यांच्याशी ती स्वतः मात्र कधी बोलली नव्हती. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची त्या घरात रीत नव्हती. आधी सगळं सासूबाईंमार्फत चालायचं. आता ती चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवायची आणि ईशानला म्हणायची, आजोबांना सांग, चहा घ्या. नत्थुजी चहा घ्यायचे. एम.ए. झालेल्या पौर्णिमाला सुरुवातीला याची गंमत वाटली. पुढे ते सोयीचं वाटू लागलं.

पियुषला आता आवाज ऐकून पाहायचा होता. रूपालीने टीव्हीखालची स्पीकरची लांब पट्टी जोडली आणि रिमोट दाबला. आधीच्या कुणीतरी आवाज शेवटापर्यंत वाढवून ठेवलेला होता. गाणं असं फुटलं की काच थरथरली. शेजारी मिक्सर पाहणाऱ्या बाईने कान झाकले. ईशान दचकला आणि त्याने भोकाड पसरलं.

रूपालीने घाईघाईने गाणं बंद केलं. दुकान एकदम गप्प झालं. त्या शांततेत ईशानचं रडणं दारापर्यंत गेलं. तिथला वॉचमनही आत डोकावला.

नत्थुजी पाठमोरे उभे होते. समोरच्या पडद्यावर रंगीत मासे पोहत होते. नत्थुजी त्या माशांकडेच पाहत होते.

पौर्णिमाने त्यांच्या पाठीकडे पाहिलं. बंद घर. सोमवार. ईशानच्या तोंडावर आलेलं दुपटं, घशात अडकलेलं दूध, आणि हातभर अंतरावर बसलेले हे. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मामाजी," तिने सासऱ्यांना पहिल्यांदाच हाक मारली. मग पुन्हा, मोठ्याने.

ते वळले नाहीत.

ती समोर गेली. त्यांची नजर आधी ईशानच्या चेहऱ्यावर पडली आणि दोन्ही हात आपोआप पुढे आले. द्यावं की नाही, या विचारात ती क्षणभर थांबली. तोवर ईशानच त्यांच्याकडे झुकला. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, पाठीवर थापटलं. रडणं हळूहळू मुसमुसण्यावर आलं. ते आपल्याकडे पाहीपर्यंत पौर्णिमा थांबली.

"मामाजी, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

नत्थुजी तिच्या ओठांकडे पाहत होते. पलीकडे पियुष रूपालीला वॉरंटीचं विचारत होता. त्याच्याकडे एकदा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. पण तो फारसा खाली आलाच नाही हे त्यांना कळलं नसावं; पियुष बोलता बोलता थांबला आणि त्याने वळून पाहिलं.

"मले त्याचं रडनं फक्त दिसते, बाई," नत्थुजी म्हणाले. "घरात टीव्ही आला अन् नजर तिकडं गेली, तं तेही दिसनार नाही."