चुलीचा मान

वडगाव रासाईच्या त्या घरात वाटण्या झाल्या, तेव्हा साखरबाई सासूच्या बिनखिडकीच्या स्वयंपाकघरासाठी हटून बसली. "थोरली सून मी हाय, चुलीचा मान माझा!" धाकटी जाऊ तेजश्री माहेरून आलेली गॅसची शेगडी घेऊन ओसरीत गेली.

हिवाळ्यात साखरबाईच्या तान्ह्याला जबर न्यूमोनिया झाला. कारण शोधायला डॉक्टरांनी दोन्ही जावांच्या बाळांच्या नाकातले नमुने नेले. जंतू दोघांत सारखेच निघाले.

साखरबाई जळफळली. "मंग तिचं प्वार धडधाकट आन् माझंच कसं आजारी?"

बाळ दवाखान्यातून घरी आल्यावर डॉक्टर घर बघायला आले. धुरानं झोंबणारे डोळे पुसत ते चुलीपुढच्या पाळण्याजवळ थांबले.

 

"ताई, हा पाळणा आजच जावेच्या ओसरीत बांधा."