वासिलीसाच्या नावानं

दफनभूमीच्या कचेरीतल्या बाईंनी जाडजूड वही तिच्याकडे फिरवली. त्र्याण्णव सालच्या मार्चमध्ये रोतारू आडनावाची तीनच माणसं पुरली होती. वहीत आडनाव, तारीख आणि जागेचा आकडा, एवढंच. त्या काळी शाईसुद्धा मिळत नव्हती, नावं कोण लिहीत बसणार, असं बाई म्हणाल्या.

ओर्नेल्लाने तिन्ही आकडे तळहातावर उतरवून घेतले.

ती बोलोन्याहून एकटीच आली होती, तीन दिवसांसाठी. विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्याने तिला दोनदा विचारलं होतं की एकटी, आणि किशिनाऊला, ती कशासाठी? त्याचंही बरोबर होतं. आमच्या शहरातून माणसं बाहेर जातात. बाहेरून बघायला कोण येतंय? फिरायला आले, असं तिने ठोकून दिलं.

खरं कारण तिच्या पिशवीतल्या दत्तकाच्या कागदावर होतं. आई: वासिलीसा रोतारू, गाव चुचुलेनी, मार्च १९९३ मध्ये बाळंतपणात मृत. दोन महिन्यांची असताना ओर्नेल्लाला इटलीला नेलं होतं. आता ती बत्तीस वर्षांची होती आणि आईच्या कबरीवर एक मेणबत्ती लावावी, एवढंच तिला हवं होतं. तेवढ्यासाठी ती दोन वर्षं आमची भाषा शिकली होती.

ज्यांच्या घरी ती उतरली होती ते अफानासीकाका, ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेले, जिभेला हाड नसलेले गृहस्थ. कागद मात्र त्यांनी दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला. मग म्हणाले, रविवारी जाऊ. ईस्टरनंतरच्या त्या रविवारी आम्ही सगळेच आपापल्या माणसांच्या कबरींवर जेवायला जातो, आणि त्यांच्या नावानं येणाऱ्या-जाणाऱ्याला कप, रुमाल, पाव देतो. इथे दिलेलं तिकडे त्यांना पोचतं. त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडल्यावर फाटकापाशी काकांनी तिलाही एक कप, गोल पाव आणि मेणबत्ती घ्यायला लावली.

पहिली कबर एका म्हाताऱ्या हिशेबनिसाची निघाली. नातवंडांनी ओर्नेल्लाला बसवून घेतलं, वाइन पाजली आणि आजोबा किती चिकट होते ते हसत हसत सांगितलं. दुसरी ट्रॅक्टरखाली सापडलेल्या एका तरुणाची. त्याच्या बहिणीने रुमाल दिला, आणि देता देता तिला रडू फुटलं. वाटेत ज्याने त्याने काही ना काही हातात कोंबलं.

"रिकाम्या हाताने आलीस," काका म्हणाले, "जाताना भांड्यांचं दुकान टाकशील."

ओर्नेल्ला हसली नाही. आता एकच आकडा उरला होता.

तिसरी जागा अगदी टोकाला होती, अक्रोडाच्या झाडांपलीकडे. छोटासा लोखंडी क्रूस, त्यावरचं नाव केव्हाच धुऊन गेलेलं. कुंपणाला मात्र ताजा रंग होता. बाकावर पन्नाशी उलटलेली एक बाई एकटीच बसली होती, समोर फडक्यावर लाल अंडी मांडून. काका मागेच थांबले आणि उगाच सिगारेट शोधू लागले.

"ही रोतारूंची ना?" ओर्नेल्लाने विचारलं.

बाईने मान डोलावली आणि सरकून जागा दिली. कोण, कुठली, काही विचारलं नाही. त्या दिवशी कोणी विचारत नाही.

"तुम्ही दरवर्षी येता?"

"बत्तीस वर्षं. एकदाही चुकवलं नाही."

ओर्नेल्लाला एकदम भरून आलं. आपण तिकडे वाढत होतो, शाळेत जात होतो, तेव्हा इथे आईला कोणीतरी होतं. मावशी असेल, आत्या असेल. तिला त्या बाईचा हेवा वाटला आणि तिचे पाय धरावेसेही वाटले.

"ती कशी होती, सांगाल?"

बाई क्रूसाकडे बघत राहिली. "काय सांगू? मला तिचं तोंडही बघू दिलं नाही. दवाखान्याने पेटी बंद करूनच दिली होती."

काकांनी शिकवलं होतं तसं ओर्नेल्लाने केलं. कप पावावर ठेवला, त्यात मेणबत्ती पेटवून उभी केली आणि सगळं दोन्ही हातांनी पुढे धरलं. बाईनेही रीतीप्रमाणे हात पुढे केले.

"चुचुलेनीच्या वासिलीसा रोतारूच्या नावानं," ओर्नेल्ला म्हणाली. "माझ्या आईच्या नावानं."

बाईचे हात तसेच राहिले. ती ओर्नेल्लाच्या तोंडाकडे बघू लागली, कपाळ, मग नाक, मग हनुवटी, हळूहळू. मेण वितळून पावावर सांडलं तरी तिने काही घेतलं नाही.

"हे मला घेता यायचं नाही, पोरी," ती शेवटी म्हणाली. "आपल्याच नावाचं दान आपण कसं घ्यायचं?"