न उधळलेले कपटे

"हसवणाऱ्या मामालाच शेवटच्या मारामारीत उतरवू नकोस," असं सगळ्यांनी बजावलं होतं. शेषगिरीने ऐकलं नाही. दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिलाच सिनेमा.

काकिनाड्यात सकाळचा पहिला खेळ सुटल्यावर तो रिकाम्या थिएटरात शिरला. हिरो आला तेव्हा लोकांनी कागदाचे कपटे उधळले होते. शेवटच्या मारामारीत उधळायला राखलेले मात्र खुर्च्यांखाली पडले होते, चुरगळून गोळे झालेले.

"मामासाठी कुणाचा हातच उठला नाही," म्हणत तो एका खुर्चीत बसला.

झाडूवाली नूकालम्मा थांबली. "बाबू, बावीस वर्षं कागदच झाडतेय. पडेल सिनेमात लोक सगळे कपटे आधीच उधळून मोकळे होतात, आणि मध्यंतराला घरी जातात."

तिने एक गोळा त्याच्या तळहातावर ठेवला.

कुणाच्या तरी मुठीतल्या घामाने तो अजून ओला होता.