धायटी कुणाला बघून उमलते

माघ संपत आला होता. मुग्धाताई आणि तिचा धाकटा भाऊ ओजस दरवर्षीसारखे धायटीची फुलं शोधत डोंगराची पायवाट चढत होते. फोन त्यांनी मुद्दाम खाली गाडीत ठेवले होते. पर्यटकांसाठी लावलेली इथली झुडपं फोनचा सिग्नल जवळ आला की उमलायची, दूर गेला की मिटायची, आणि मुग्धाताईला एक तरी फूल आपणहून उमललेलं बघायचं होतं.

ती पहिल्या झुडपापाशी पोहोचली. कळ्या मिटलेल्याच होत्या. मागून धापा टाकत ओजस आला, तशा त्या लालभडक उघडल्या.

पुढच्या झुडपाशी तिने त्यालाच आधी जाऊ दिलं. तेही उमललं.

"ओजस, फोन काढ."

"गाडीत आहे, ताई. तुझ्यासमोरच ठेवला ना?"

"मग दुसरा असेल. पत्ते खेळतानाही लबाडीच करायचास."

त्याने खिसे उलटे केले. रुमाल आणि खडीसाखरेची पुडी निघाली. तरी तिची खात्री पटेना. तिने त्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता, पण सदऱ्याखाली, छातीच्या कातडीआड, सुपारीएवढं काहीतरी टणक लागलं.

"हे कधी बसवलंस?"

"दिवाळीनंतर. हृदयाची खबर डॉक्टरांना पाठवत राहतं. तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही."

उतरताना मुग्धाताईने त्याला पुढे घातलं आणि प्रत्येक झुडूप उमलतंय ना, हे बघत ती मागून चालत राहिली.