फ्लॉपीला टाके

"वस्तू तुझ्याकडेच हाय, मग चोरी कशाची?" हवालदार काशीराम म्हणाला. "परवा पन हेच सांगितलं. आज पन हेच सांगतो."

"हवालदारसाहेब, त्याने कॉपी केली."

"म्हनजे झेरॉक्स. झेरॉक्स काढला म्हनून कागद चोरीला जातो का?"

लुईसने फ्लॉपी टेबलावर आपटली. मग लगेच उचलली, शर्टाला पुसली आणि हळूच ठेवली. काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ.

अठ्ठ्याऐंशी सालचा मे. वसईच्या ठाण्यात पंखा फिरत होता, वारा लागत नव्हता. काशीराम रात्रपाळी करून पुन्हा दिवसाला बसला होता. डोळे लाल. लुईसचेही लाल. दोघंही भांडून थकले होते, पण उठत कोणीच नव्हतं.

वालीवला लुईसचा गाळा होता. गाळ्यात एक जुना कॉम्प्युटर. पत्र्यातून डबे आणि झाकणं कशी कापायची म्हणजे भंगार कमी निघेल, ते तो कॉम्प्युटर स्क्रीनवर दाखवायचा. तो प्रोग्राम लुईसने वर्षभर खपून लिहिला होता. उद्या सकाळी डब्याच्या कारखान्याचा मालक बघायला येणार होता. त्याला पसंत पडला तर गाळा चालणार. नाहीतर कुलूप.

आणि लुईसच्याच हाताखालच्या गुरुदत्तने त्या प्रोग्रामची कॉपी काढली, नोकरी सोडली आणि नायगावला घरी बसून तोच प्रोग्राम विकायला काढला. लपवलंसुद्धा नाही. "तुझा तुझ्याकडे आहे ना?" म्हणाला.

कॉम्प्युटरच्या पोटात काही राहत नसे. बंद केला की पाटी कोरी. जे होतं ते ह्या फ्लॉपीवर. दुसरी कॉपी लुईसने कधी ठेवलीच नाही. दोन असल्या की एक चोरीला जाते, असं त्याचं म्हणणं.

"बरं, त्याने नेलं काय, ते तरी सांग," काशीराम म्हणाला.

"माझं डोकं नेलं."

"डोकं तर मानेवर दिसतंय." काशीरामने जांभई दिली. "डोक्याला कलम नाय रे बाबा. पुस्तक इंग्रजांच्या टायमाचं. वस्तू पायजे. इकडून उचलली, तिकडे नेली. तुझं तर काय हललंच नाय."

लुईसला राग आला. मग रागाचाही कंटाळा आला. तो खुर्चीत खाली घसरून बसून राहिला.

काशीरामने तांब्या पुढे सरकवला. "पानी पी." त्याने फ्लॉपी उचलून उलटसुलट केली. "त्याने कॉपी केली ती कशावर?"

"कोऱ्या फ्लॉपीवर."

"ती कोनाची?"

"माझीच. कपाटातली."

काशीराम सरळ झाला. "मग इतके दिवस बोंब कसली मारतो? ती हलली ना? नोकराने मालकाची वस्तू नेली. कलम तीनशे एक्याऐंशी. झालं काम."

"अहो, पण कोरी फ्लॉपी म्हणजे काहीच नाही."

"कायद्याला तेवढीच दिसते."

लुईस हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. कशाने का होईना, गुरुदत्त कागदावर चोर होणार होता.

"जिच्यावरून कॉपी काढली, ती ठेव हितं. पुरावा. आन जा, कोर्टासमोरून दोन पंच घेऊन ये."

पंचांनी बघितली की फ्लॉपी परत मिळेल, असं धरून लुईस उन्हात गेला. पंच व्हायला कोणी तयार होईना. एकदा सही केली की कोर्टाचे हेलपाटे. शेवटी एक केळीवाला आणि त्याचा भाऊ, दोघांना चहा पाजून, हातापाया पडून आणले.

आत आला तर लाखेचा वास सुटलेला. पंचांची वाट न बघता काशीरामने मुद्देमाल बांधूनही टाकला होता. चाकू असो, धोतर असो, तो असाच बांधायचा. फ्लॉपीला खाकी कागद. कागदावर चिठ्ठी. चिठ्ठी निसटू नये म्हणून दाभण, फ्लॉपीसकट आरपार. त्यातून दोरा. गाठीवर गरम लाख, लाखेवर शिक्का.

"आता बोल," काशीराम म्हणाला. "कोर्टात जाईपर्यंत सुटनार नाय. अख्ख्या ठान्यात असा टाका कोन घालत नाय."

लुईसने पुडकं हातात घेतलं. अजून गरम होतं. त्याने अंगठ्याने गाठ चाचपली. दाभणाने भोक पडलेली फ्लॉपी कुठलाच कॉम्प्युटर वाचत नाही. वर्षभराचं काम आता जगात एकाच जागी उरलं होतं. नायगावला, गुरुदत्तकडे.

त्याने पुडकं टेबलावर ठेवलं.

काशीरामने टोपी घातली. दाभण आणि दोऱ्याचं रीळ खिशात टाकलं.

"चहा पितो आन नायगावला जातो," तो म्हणाला. "त्याच्याकडची पन अशीच बांधून आनतो."

"सही कुठे करायची?" केळीवाल्याने विचारलं.

लुईस दारात पोचला होता.

"चहा सावकाश घ्या, हवालदारसाहेब," तो म्हणाला. "मला निघायला पाहिजे आता."